एक पट्टी, दोन आवाज

शाळेच्या स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम चालली होती. नववीतली एक मुलगी भावगीत गात होती आणि दहावीतला एक विद्यार्थी तिला की-बोर्डवर साथ करीत होता. मी पाहुणा म्हणून मागच्या बाकावर बसलो होतो. त्या मुलाने की-बोर्डवर एकाच वेळी दोन आवाज लावले होते. एक पियानोचा आणि दुसरा ‘स्ट्रिंग्ज’चा, म्हणजे अनेक व्हायोलिने एकत्र वाजत असल्यासारखा. पट्टी एकच दाबायची, पण आवाज दोन निघायचे. दोन्ही आवाजांचा आकडा १०० होता.

स्ट्रिंग्ज नीट ऐकू येईनात, म्हणून त्याने त्यांचा आकडा १२७ केला. त्यापुढे आकडा जातच नव्हता. आता पियानो दबल्यासारखा वाटू लागला, म्हणून त्याने पियानोही १२७ वर नेला. दुसरे कडवे सुरू झाले आणि गाण्याचे शब्दच कळेनासे झाले. मुलीने आवाज चढवला. माईक वाढवला, तर तो शिट्टी मारू लागला. स्पीकरमधून खरखर येऊ लागली ती वेगळीच. शेवटी संगीताच्या बाईंनी हात वर करून गाणे थांबवले आणि म्हणाल्या, “उद्या की-बोर्ड नको. आपली पेटीच बरी.”

मुलगा अगदी हिरमुसला. सुरात किंवा तालात त्याची कुठेच चूक झाली नव्हती. माझ्याजवळ येऊन तो म्हणाला, “सर, मी दोन्ही आवाज सारखेच वाढवले. मग बिघडले कुठे?”

विद्यार्थी मित्रहो, प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरात ध्वनिशास्त्र, लघुगणक आणि कानाची रचना या तिन्ही गोष्टी येतात. आपण एकेक पायरी चढत जाऊ या.

पेटीतही दोन आवाज असतात

एका पट्टीवर दोन आवाज ही कल्पना नवी नाही. तुमच्या शाळेतली पेटी पाहा. तिच्यात बहुधा सुरांच्या दोन रांगा असतात. एका रांगेतल्या पितळी पट्ट्या खालच्या सप्तकातल्या, म्हणजे खर्जाच्या असतात आणि दुसऱ्या रांगेतल्या मधल्या सप्तकातल्या. पुढचे खटके ओढले की दोन्ही रांगांना हवा मिळते व आवाज भरदार होतो. एक खटका आत ढकलला की एक रांग बंद होते.

मात्र पेटीत एक अडचण आहे. दोन्ही रांगांना हवा एकाच भात्यातून मिळते. त्यामुळे खर्ज थोडा कमी आणि वरचा सूर थोडा जास्त, असे बारीक प्रमाण वाजवता वाजवता ठरवता येत नाही. डिजिटल की-बोर्डवर ते येते. तेथे प्रत्येक आवाजाला स्वतःचा आकडा असतो. हाच त्याचा मोठा गुण आणि नवशिक्याची फसगत होते तीही येथेच.

आत काय चालते?

डिजिटल की-बोर्डमध्ये तार नाही आणि भाताही नाही. आत असतात त्या संख्या. हवेचा दाब क्षणाक्षणाला कसा वरखाली होतो, हे संख्यांच्या रांगेने दाखवता येते. सीडीच्या पद्धतीत एका सेकंदाच्या ध्वनीसाठी अशा ४४,१०० संख्या लागतात आणि प्रत्येक संख्या –३२,७६८ ते +३२,७६७ यांच्या दरम्यान असते.

तुम्ही एक पट्टी दाबली की यंत्र पियानोच्या संख्यांची रांग घेते व तिला एका गुणकाने गुणते. स्ट्रिंग्जच्या रांगेला दुसऱ्या गुणकाने गुणते. मग दोन्ही रांगांतील त्या त्या क्षणाच्या संख्यांची बेरीज करते. ही बेरीज विद्युत्दाबात बदलून स्पीकरकडे जाते. आवाजांचे मिश्रण म्हणजे एवढेच : दोन गुणाकार आणि एक बेरीज.

आता समजा, एखाद्या क्षणी पियानोची संख्या २०,००० आहे आणि स्ट्रिंग्जची १८,०००. बेरीज झाली ३८,०००. पण वरची मर्यादा ३२,७६७ आहे! मग लहरीचा वरचा भाग करवतीने कापावा तसा सपाट होतो. सपाट माथ्याच्या लहरीत मूळ ध्वनीत नसलेल्या अनेक उंच कंपनसंख्या शिरतात आणि त्या कानाला खरखरीसारख्या लागतात. चांगल्या वाद्यांत आतले गणित जास्त मोठ्या संख्यांवर चालते, त्यामुळे आत हा प्रकार सहसा होत नाही. पण बाहेर पडताना कुठेतरी मर्यादा येतेच. वाद्यात नाही तर ध्वनिवर्धकात, नाही तर स्पीकरमध्ये. तालमीतली खरखर अशा कापल्या गेलेल्या माथ्यांची होती.

न्हाणीघरातल्या बादलीचे उदाहरण घ्या. बादलीत बंबातले कढत पाणी आहे आणि त्यात आपण विसण घालतो. बादली काठोकाठ भरली असेल, तर आणखी विसण घातल्याने पाणी बाहेर सांडणार. अशा वेळी शहाणा माणूस आधी थोडे कढत पाणी काढून घेतो. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१२७ हा आकडा कोठून आला?

आकडा १०० वर का थांबत नाही आणि २०० पर्यंत का जात नाही? याचे मूळ ‘मिडी’ या संकेतपद्धतीत आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या विद्युत्वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ही पद्धत तयार झाली. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांचा तीत मोठा वाटा होता. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून दाखवण्यात आली. एकावर वाजवले की दुसरेही वाजे.

मिडीमध्ये प्रत्येक निरोप आठ-आठ द्विमान अंकांच्या गटांनी पाठवला जातो. गटातला पहिला अंक १ असेल, तर तो गट म्हणजे आज्ञा. तो ० असेल, तर तो गट म्हणजे माहिती. माहितीसाठी मग सातच अंक उरतात. दोनाचा सातवा घात १२८, म्हणून मोजणी ० ते १२७! आवाजाचा आकडा बदलणारा निरोप तीन गटांचा असतो. उदाहरणार्थ १७६, ७, १००. याचा अर्थ, ‘पहिल्या वाहिनीवर, सातव्या क्रमांकाचे नियंत्रण, म्हणजे आवाज, १०० वर ठेव.’ अशा १६ वाहिन्या असतात. पियानो एका वाहिनीवर व स्ट्रिंग्ज दुसऱ्या वाहिनीवर ठेवले, की दोघांना वेगवेगळे निरोप पाठवता येतात. असा एक निरोप जायला सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो.

पण हा आकडा म्हणजे आवाजाचा मोठेपणा नव्हे. ६४ हा १२७ च्या जवळजवळ निम्मा आहे, म्हणून ६४ वर आवाज निम्मा होईल असे समजू नका. मिडीच्या शिफारशीप्रमाणे लहरीचा आयाम आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवतात. म्हणजे आकडा निम्मा केला, तर आयाम पाव होतो आणि ध्वनीची शक्ती एक-सोळांश होते. शक्ती निम्मी हवी असेल, तर आकडा १२७ वरून सुमारे १०७ वर आणावा लागतो. आयाम निम्मा हवा असेल, तर ९० वर. सगळीच वाद्ये हा नियम काटेकोर पाळत नाहीत, पण पुष्कळांचे वागणे याच्या जवळपास असते.

कान बेरीज करीत नाही

आता कानाकडे वळू. तुमच्या वर्गात एक गंमत करून पाहा. एका मुलाला पाढा म्हणायला सांगा आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐका. मग दोन मुलांना एकदम म्हणायला सांगा. आवाज दुप्पट वाटला का? मुळीच नाही. थोडासा वाढल्यासारखा वाटेल, इतकेच. आता एकदम दहा मुलांना म्हणू द्या. आता कोठे एकट्या मुलाच्या दुप्पट मोठा वाटेल.

याचे कारण असे की कान वजाबाकीने तुलना करीत नाही, गुणोत्तराने करतो. एकाचे दोन झाले काय आणि दहाचे वीस झाले काय, कानाला पायरी सारखीच वाटते. म्हणून ध्वनीची पातळी लघुगणकाने मोजतात. दोन शक्तींच्या गुणोत्तराचा लघुगणक घेऊन त्याला १० ने गुणले की डेसिबेल मिळतात. शक्ती दुप्पट झाली की पातळी ३ डेसिबेलने वाढते, दहापट झाली की १० डेसिबेलने. साधारण १ डेसिबेलचा फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवतो आणि १० डेसिबेलच्या वाढीला आवाज जवळजवळ दुप्पट मोठा वाटतो.

येथे शिक्षकांसाठी एक खुलासा. पियानो आणि स्ट्रिंग्ज यांच्या लहरींची कला एकमेकींशी बांधलेली नसते. काही क्षणी त्या एकमेकींना पूरक असतात, तर काही क्षणी मारक. सरासरी काढली की शक्तींची साधी बेरीज उरते. म्हणून सारख्या पातळीचे दोन वेगळे आवाज मिळून ३ डेसिबेलच वाढ होते. अगदी तोच आवाज त्याच कलेत दोनदा लावला, तर मात्र आयाम दुप्पट होतो आणि वाढ ६ डेसिबेलची होते.

तालमीत काय झाले?

आता त्या मुलाचा हिशेब मांडू. वरच्या वर्गाच्या नियमाप्रमाणे आकडा १०० वरून १२७ वर नेला, तर पातळी सुमारे ४ डेसिबेलने वाढते. प्रथम त्याने स्ट्रिंग्ज ४ डेसिबेलने वाढवले. मग पियानोही ४ डेसिबेलनेच वाढवला. म्हणजे दोघांमधला फरक शून्य! १००:१०० आणि १२७:१२७ हे गुणोत्तर एकच. एवढी कसरत करून प्रमाणाच्या दृष्टीने तो जेथून निघाला तेथेच परत आला होता.

मग बदलले काय? साथीची एकूण शक्ती सुमारे २.६ पट झाली. गाणाऱ्या मुलीच्या गळ्याला मात्र १२७ चा खटका नव्हता. तिच्या तुलनेत साथ ४ डेसिबेलने चढली आणि शब्द बुडाले. “दोन्ही सारखेच वाढवले, मग बिघडले कुठे?” या प्रश्नाचे उत्तर त्या प्रश्नातच होते. दोन्ही सारखेच वाढवले, म्हणूनच बिघडले.

त्याला स्ट्रिंग्ज पियानोपेक्षा ४ डेसिबेलने वर हवे होते असे धरा. त्याला दोन वाटा होत्या. एक, स्ट्रिंग्ज १२७ व पियानो १००. दुसरी, स्ट्रिंग्ज १०० वरच ठेवायचे आणि पियानो ७९ वर आणायचा. दोन्हींत आपापसातले प्रमाण तेच. पण पहिल्या वाटेने साथीची एकूण पातळी सुमारे अडीच डेसिबेलने वाढते आणि दुसऱ्या वाटेने सुमारे दीड डेसिबेलने उतरते. तेवढी जागा गाणाऱ्याला मिळते. शिवाय १०० च्या वर जायला फक्त ४ डेसिबेल शिल्लक आहेत, खाली यायला मात्र हवी तेवढी जागा आहे. काठोकाठ भरलेल्या बादलीतून आधी पाणी काढून घ्यायचे, ते हेच. एखादा आवाज पुढे आणायचा असेल, तर प्रथम दुसरा मागे घ्या.

जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो

एवढे करूनही काही वेळा शब्द नीट ऐकू येत नाहीत. त्याचे कारण आपल्या कानात आहे. १८७६ मध्ये आल्फ्रेड मेयर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने नोंदवले होते की, खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या लहान आवाजाला पार झाकून टाकतो, पण याच्या उलट तितकेसे होत नाही. अंतर्कर्णाच्या शंखात एक लांबट पडदा असतो. उंच स्वरांना त्याचा प्रवेशाजवळचा भाग प्रतिसाद देतो आणि खालच्या स्वरांना दूरचा. म्हणजे खालच्या स्वराची लहर आपल्या मुक्कामी पोचण्यापूर्वी उंच स्वरांच्या भागावरून जाते आणि वाटेत त्यालाही हलवते. या पडद्यावरील लहरींचा शोध लावणारे गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या गाणाऱ्या मुलीचा षड्ज काळी चारचा होता, म्हणजे सेकंदाला सुमारे २०८ कंपने. स्ट्रिंग्ज मात्र तिच्या खालच्या सप्तकात जाडसर वाजत होते. ते एक सप्तक वर नेले, तर आकडा कमी असूनही ते स्वच्छ ऐकू येतील आणि तिच्या आवाजावर त्यांचे पांघरूण पडणार नाही. बहुतेक की-बोर्डांवर प्रत्येक आवाजाचे सप्तक वेगळे बदलण्याची सोय असते.

काळानुसार बदलणारे प्रमाण

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पियानोत हातोडी तारेवर आदळते, तेव्हा आवाज एकदम उठतो व लगेच ओसरू लागतो. स्ट्रिंग्ज हळूहळू उठतात आणि पट्टी दाबून ठेवाल तोवर टिकून राहतात. त्यामुळे पट्टी दाबल्याक्षणी पियानो वरचढ असतो आणि दोन सेकंदांनी स्ट्रिंग्ज. आकडे तेच, पण प्रमाण क्षणोक्षणी बदलते!

यावरून उघड आहे की द्रुत लयीच्या गाण्यात स्ट्रिंग्जना उठायला वेळच मिळत नाही. तेथे त्यांचा आकडा थोडा जास्त चालेल. संथ भावगीतात लांबलचक स्वर धरावे लागतात. तेथे तोच आकडा डोईजड होईल. म्हणून एका गाण्याला बसवलेले प्रमाण दुसऱ्या गाण्याला जसेच्या तसे लावू नये. तसेच बोटाचा जोर पियानोच्या आवाजावर बराच परिणाम करतो, स्ट्रिंग्जवर पुष्कळदा कमी. हळू वाजवून पाहिलेले प्रमाण जोराने वाजवताना टिकत नाही, हेही तपासून घ्यावे.

तुम्ही काय कराल?

तुमच्या शाळेत की-बोर्ड असेल, तर पुढील क्रमाने करून पाहा.

१. दुसरा आवाज शून्यावर न्या. फक्त मुख्य आवाज ९० ते १०० च्या दरम्यान ठेवा.

२. ज्या गाण्याला साथ करायची तेच गाणे, त्याच लयीत वाजवत राहा. दुसऱ्या कोणाला तरी दुसऱ्या आवाजाचा आकडा पाच-पाचाने वाढवायला सांगा. तो नुसता जाणवू लागेल तेथे आकडा लिहून ठेवा.

३. आकडा तसाच वाढवत न्या. मुख्य आवाज झाकला जाऊ लागेल तेथे पुन्हा आकडा लिहा. योग्य जागा या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी असते.

४. आता दुसरा आवाज एकदम बंद करा. काहीतरी हरवल्यासारखे वाटले, तर प्रमाण बरोबर. काहीच वाटले नाही, तर आकडा फार कमी. हायसे वाटले, तर फार जास्त!

५. प्रमाण ठरल्यावर ते आकडे हलवू नका. एकूण आवाज कमीजास्त करायचा तो मुख्य बटणाने किंवा पायाच्या पेडलने. मुख्य बटण दोन्ही आवाजांना एकाच गुणकाने गुणते, म्हणून प्रमाण बिघडत नाही. पेडलचे कामही तेच, पण ते दोन्ही आवाजांना लागू आहे ना, हे आधी पाहा.

६. शेवटी गाणाऱ्याला उभे करा आणि एका मित्राला सभागृहात शेवटच्या रांगेत बसवा. त्याला गाण्याचे शब्द कागदावर लिहायला सांगा. वाजवणाऱ्याच्या कानापेक्षा त्या कागदावर विश्वास ठेवा.

की-बोर्ड नसेल, तर पेटीवर एक खटका बंद करून व उघडून हाच कागदाचा प्रयोग करता येईल.

त्या दिवशी तालीम संपल्यावर आम्ही हेच केले. पियानो ७९ वर आणला. स्ट्रिंग्ज एक सप्तक वर नेले आणि चाचपडत चाचपडत ६८ वर स्थिरावले. बाई शेवटच्या बाकावर वही घेऊन बसल्या. मुलीने पुन्हा तीच दोन कडवी म्हटली. गाणे संपल्यावर बाई उठल्या आणि त्यांनी वही त्या मुलापुढे धरली. दोन्ही कडव्यांचा शब्द न् शब्द तीत उतरला होता.

“आण उद्या तुझा की-बोर्ड,” एवढेच त्या म्हणाल्या.